जगभरातल्या संस्कृती, ओळख आणि सामाजिक न्यायावरच्या चांगल्या डॉक्युमेंट्री कोणत्या? कॉलेजच्या फिल्म क्लबची सुरुवात कुठल्या फिल्मनं करावी?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "पोरांना मुळापासून हलवेल अशी फिल्म हवी." त्या एका ओळीमुळं उत्तर लिहायला बसले. लोकांना हलवणाऱ्या अशा एका फिल्ममध्ये माझी आई आहे.

आम्ही धारूरकडचे, जिल्हा बीड. आईवडील ऊसतोडीला जातात, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात. २०१९ साली आमच्याकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात ही बातमी देशभर गेली आणि त्या हंगामात फडावर कॅमेरे यायला लागले. त्याआधी मजुरांची टोळी नेणारा मुकादम आणि उसाच्या नोंदी ठेवणारा कारखान्याचा स्लिपबॉय सोडला तर तिथं कुणी फिरकत नव्हतं. माझा मावसभाऊ, आमचा दादा, तेव्हा बीडला एका संस्थेत कामाला होता. फिल्म काढायला दिल्लीहून आलेल्या चौघांना त्यानं आमच्या टोळीवर आणलं. आईची पिशवी काढलेली होती आणि आई बोलायला धीट होती, म्हणून आमची टोळी. मी पुण्यात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि डिसेंबरात चार दिवस सुट्टी काढून फडाजवळच्या आमच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर गेले होते. त्यामुळं पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे.

ऊस तोडणारी बाई साडीवर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट घालते. उसाचं पातं कापतं. मनगटापासून दंडापर्यंत बारीक रेघा उठतात आणि घाम लागला की चरचरतात. आईचा शर्ट निळा होता, वडिलांचा जुना, उजव्या कोपरावर ठिगळ लावलेला. कॅमेरावाल्यानं दिग्दर्शक बाईंना काहीतरी सांगितलं, बाईंनी दादाला सांगितलं आणि दादा आईला म्हणाला, "मावशे, तेवढा शर्ट काढ. लाल साडी चांगली दिसायली."

आई म्हणाली, "आरं, हात सोलून निघतेत."

"पाचच मिनिटं."

आईनं शर्ट काढून पाचटावर, उसाच्या वाळल्या पाल्यावर ठेवला. दीड तास ती तशीच तोडत होती. मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतानाचं शूटिंग. ऊन नीट पडलं नाही म्हणून परत एकदा. वडील मध्ये आले म्हणून परत एकदा. तीच मोळी तीन वेळा वर गेली. तोडणीचे पैसे टनावर मिळतात, शूटिंगवर मिळत नाहीत. मागं पडलेलं काम उरकायला वडील त्या रात्री बॅटरीच्या उजेडात तोडत होते.

संध्याकाळी कोपीपुढं मुलाखत झाली. आई पाऊण तास बोलली. अंगावरून पांढरं जायचं, डॉक्टर म्हणाला पिशवी सडली, ठेवली तर कॅन्सर होईल. तेव्हा तिचं वय एकोणतीस, मी सातवीत. ऑपरेशनचे पैसे मुकादमाच्या उचलीत, म्हणजे मजुरीवर घेतलेल्या आगाऊ रकमेत धरले गेले आणि ती उचल फिटायला दोन हंगाम लागले. हे दोन हंगाम ती तारीखवार सांगत होती, कुठल्या कारखान्यावर, किती खाडे म्हणजे कामाला न गेलेले दिवस, खाड्याचे किती कापले. शेवटी माझ्याकडं बोट करून म्हणाली, "ही नर्स व्हायली. आता कुणी आमाला फसवून दाखवावं." हे बोलताना ती हसत होती.

मग कागदावर सही. कागद इंग्रजीत होता. मी तिथंच बसले होते, मला इंग्रजी वाचता येत होतं, आणि मी तो कागद वाचला नाही.

२०२२ मध्ये मैत्रिणीनं व्हॉट्सअॅपवर एक पोस्टर पाठवलं. त्यावर आई. पुण्यातच फिल्म दाखवणार होते. मी ड्यूटी बदलून गेले. हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. आई पडद्यावर चारेक मिनिटं आली. लाल साडीत, मोळी घेऊन, फळीवर, मागं सारंगी. मग तिचा चेहरा, आणि ऑपरेशनचं सांगताना डोळ्यांतून आलेलं पाणी. मुकादम नाही, उचल नाही, खाडे नाहीत, मी नाही, तिचं हसू नाही. माझ्या शेजारची बाई रडत होती. फिल्म संपल्यावर प्रश्नोत्तरं झाली. कुणी लेन्स कुठली वापरली विचारलं, कुणी दिग्दर्शक बाईंच्या धाडसाचं कौतुक केलं. ही फिल्म त्या बायकांनी पाहिली का, हे एकानंही विचारलं नाही. विचारायला मी उठायला हवं होतं. उठले नाही, आणि त्याची बोच अजून आहे.

म्हणून माझं मत सरळ आहे. ज्यांच्यावर फिल्म काढली त्यांना ती आधी दाखवली नसेल, तर ती कितीही पुरस्कार मिळवू दे, मी तिला सामाजिक न्यायाची फिल्म म्हणणार नाही.

यावर दादाचं म्हणणं ठरलेलं आहे: "जगाला कळलं ना? तुझ्या आईला दाखवून काय झालं असतं? आणि तू नर्स झालीस, आता तुला आई फडावर दिसायची लाज वाटायली." चार वर्षं झाली, कुठलंही लग्नकार्य असलं की हा वाद निघतोच. दादा, लाज वाटली असती तर मी हे इथं लिहिलं नसतं.

आता तुमचा प्रश्न. बहुतेक याद्यांची सुरुवात रॉबर्ट फ्लाहर्टीच्या 'नानूक ऑफ द नॉर्थ'नं होते. १९२२ ची, उत्तर कॅनडातल्या इन्युइट लोकांवरची. तिनं सुरुवात करू नका. त्या माणसाचं नावसुद्धा नानूक नव्हतं, अल्लाकारियालाक होतं. ते लोक तेव्हा बंदुका वापरत होते, पण शिकार जुन्या भाल्यानं करून दाखवायला लावली. बर्फाचं घर आतून दिसावं, उजेड मिळावा म्हणून अर्धंच बांधलं आणि घरातली माणसं त्या उघड्या घरात थंडीत झोपायचं नाटक करत होती. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पाचटावर पडलेला निळा शर्ट आठवला. शंभर वर्षांत एवढाच फरक पडला की भाल्याच्या जागी लाल साडी आली.

सुरुवात फोगो बेटापासून करा. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळचं हे बेट. मासेमारी बसली होती आणि बेट सोडून दुसरीकडं राहायला जा म्हणून सरकारचं चाललं होतं. १९६७ साली तिथल्या नॅशनल फिल्म बोर्डाचे कॉलिन लो कॅमेरा घेऊन गेले. त्यांनी एक मोठी फिल्म करण्याऐवजी वीसहून जास्त छोट्या केल्या, एखाद्या माणसाची एक, एखाद्या मीटिंगची एक, एखाद्या लग्नाची एक. ज्याची फिल्म त्याला आधी दाखवायची, नको असेल तो भाग काढायचा हक्क त्याचा. मग बेटावरच्या गावागावांत पडदा लावायचा. एका बेटावरची ही गावं, पण पंथ वेगळे, शाळा वेगळ्या, एकमेकांशी बोलणं कमी. त्यांनी पडद्यावर एकमेकांचं ऐकलं आणि सगळ्यांची रड एकच आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढं त्या फिल्म प्रांताच्या मंत्र्यांना दाखवल्या आणि मंत्र्यांचं उत्तर चित्रित करून ते बेटावर आणून दाखवलं. लोकांनी सहकारी संस्था काढली, मोठ्या नावा बांधल्या. बेट उठलं नाही. यातल्या बऱ्याच फिल्म बोर्डाच्या साइटवर फुकट आहेत, दहा-वीस मिनिटांच्या, क्लबला सोयीच्या. पोरं कदाचित हलणार नाहीत. हरकत नाही, त्यांना पद्धत कळेल.

त्याच साइटवर अलानिस ओबोमसाविन यांची 'कानेसाताके' आहे. १९९० मध्ये क्यूबेकमधल्या ओका गावाला गोल्फचं मैदान वाढवायचं होतं, तेही मोहॉक या तिथल्या आदिवासी लोकांच्या स्मशानाला लागून. मोहॉकांनी रस्ता अडवला, लष्कर आलं, ७८ दिवस ते चाललं. ओबोमसाविन स्वतः अबेनाकी, म्हणजे दुसऱ्या एका आदिवासी जमातीच्या. त्या कॅमेरा घेऊन अडथळ्यांच्या आतल्या बाजूला राहिल्या. बंदुकीची नळी कॅमेऱ्याकडं आहे की कॅमेरा बंदुकीच्या मागं आहे, एवढं जरी पोरांनी त्यात बघितलं तरी पुष्कळ झालं.

आपल्याकडची एकच सांगते, आनंद पटवर्धनांची 'जय भीम कॉम्रेड'. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले, त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. पटवर्धन पुढं चौदा वर्षं शूटिंग करत राहिले आणि फिल्म वस्त्यांमध्ये पडदा लावून दाखवली. तीन तासांच्या वर आहे. कापून दाखवू नका, मध्ये चहा ठेवा.

'रायटिंग विथ फायर'सुद्धा लावा, पण तिच्यामागची गोष्ट सांगून लावा. बुंदेलखंडातल्या 'खबर लहरिया'च्या दलित पत्रकार महिलांवरची ही फिल्म ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली आणि २०२२ च्या मार्चमध्ये त्या पत्रकारांनीच जाहीर निवेदन काढलं की फिल्ममध्ये आमच्या कामाचं चित्र अर्धवट आलंय. त्यांच्याकडं स्वतःची बातमी लोकांपर्यंत पोहोचवायचं साधन होतं, म्हणून जगानं ऐकलं. आईकडं काय होतं?

तर आईला फिल्म कशी दाखवली ते सांगते, कारण दादाच्या "काय झालं असतं"चं उत्तर त्यात आहे. पुण्यातल्या त्या कार्यक्रमानंतर मी पाच मेल केले. पाचव्याला लिंक आली, पासवर्डची, चौदा दिवसांची मुदत. हंगाम संपून टोळ्या गावाकडं आल्या होत्या. मी लॅपटॉप घेऊन गेले. आमच्या पत्र्याच्या खोलीत अकरा बायका बसल्या. तज्ज्ञ इंग्रजीत बोलत होते, खालच्या ओळीही इंग्रजीत, म्हणून मी थांबवत थांबवत मराठीत सांगत होते. तासाभराच्या फिल्मला तीन तास लागले. पडद्यावर स्वतःला बघून आई पहिलं काय म्हणाली? "माझा शर्ट कुठंय?" आणि मग, "उचलीचं म्या एवढं सांगितलं, ते कुठं गेलं?"

फिल्ममधल्या एका डॉक्टरनं सांगितलं की ऑपरेशनआधी कुठल्या तपासण्या व्हायला पाहिजेत. ते मी मराठीत सांगितलं आणि खोलीत एकदम गलका झाला. माझी तर झालीच नाही. मला तर नुसती सोनोग्राफी. तुला किती घेतले, मला एवढे घेतले. शेजारची काकू घरी जाऊन प्लास्टिकच्या पिशवीतले कागद घेऊन आली. तिच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं की पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली आहेत. नऊ वर्षं तिला हे माहीत नव्हतं. हाडं का दुखतात, अंगातून वाफा का निघतात, हे ती गावात ज्याला त्याला विचारत होती. दुसऱ्या दिवशी आणखी तिघी कागद घेऊन आल्या. काकूला मी अंबाजोगाईला नेलं, तिची औषधं सुरू झाली.

हे दिल्लीत आणि पुण्यात फिल्म दाखवून झालं नसतं. दादा, तुला हेच सांगते आहे.

आता दोन गोष्टी राहिल्या. नुसतं दाखवलं म्हणजे झालं असंही नाही. फ्लाहर्टीनंसुद्धा तिथंच फिल्म धुवून त्या लोकांना दाखवली होती, तरी अर्धं घर अर्धंच राहिलं. कापायचा हक्क त्यांच्याकडं पाहिजे. आणि काही ठिकाणी दाखवणंच जिवावर बेततं. 'द लुक ऑफ सायलेन्स' बघा. इंडोनेशियात १९६५-६६ ला झालेल्या कत्तलीत ज्याचा भाऊ मारला गेला तो चष्मे बनवून देणारा माणूस मारेकऱ्यांसमोर बसून त्यांचे डोळे तपासतो आणि प्रश्न विचारतो. तिच्या श्रेयनामावलीत तिथल्या कितीतरी माणसांच्या जागी नुसतं 'अनामिक' लिहिलंय. तिथं माझा नियम लावणं चुकीचं ठरेल. फोगोबद्दलही, सगळं फिल्मनं झालं असं नाही, विद्यापीठाची माणसं तिथं आधीपासून राबत होती. आणि दिग्दर्शक बाई वाईट होत्या असं माझं म्हणणं नाही. त्यांनी आईला घोंगडी आणली होती, अजून वापरतो.

क्लबात कुठलीही फिल्म लावा, संपल्यावर लेन्सआधी एवढं विचारा की यातल्या माणसांनी ही बघितली का.

आणि दादा, यंदा दसऱ्यानंतर आई परत निघेल. कुणाला घेऊन आलास तर आण, आई बोलेल. शर्ट काढायला लावू नकोस.