भाव चढला तरी लहान शेतकरी सगळ्या रानात मका का लावत नाही?

तुमचा प्रश्न असा, की मक्याचा भाव चढला तरी दोन-तीन एकरवाला सगळं रान मक्याखाली का आणत नाही आणि पडला तरी पीक लगेच का सोडत नाही. भावाकडे त्याचं पूर्ण लक्ष असतं. पण पीक बदलण्याआधी त्याला इतर बरंच काही बदलता येतं.

सगळ्यात आधी बदलते ती विक्री. भाव पडला की देणी भागतील एवढाच माल बाजारात जातो, बाकीचा घरी राहतो. इथे ओलाव्याचा हिशेब चुकतो. २५ टक्के ओलाव्याचा १ क्विंटल मका १४ टक्क्यांवर वाळवला की ८७ किलोच भरतो. म्हणजे ओल्याला क्विंटलमागे १५०० रुपये मिळत असतील, तर वाळल्याला क्विंटलमागे १७२० च्या वर मिळाल्याशिवाय वाळवणं परवडत नाही. ताडपत्री, मजुरी वेगळीच. पण ठेवायचाच असेल तर वाळवण्यावाचून गत्यंतर नाही. ओला मका पोत्यात कोंडला की बुरशी येते, दाणा काळवंडतो आणि व्यापारी त्यावरच बोट ठेवून भाव पाडतो.

थांबायला पैसा लागतो. त्यासाठी राज्याच्या कृषी पणन मंडळाची, म्हणजे शेतमाल विक्रीचं काम बघणाऱ्या मंडळाची, शेतमाल तारण योजना आहे; माल गहाण ठेवून पैसे मिळतात: मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, मुदत १८० दिवस. तुमची बाजार समिती ती राबवते का, हे मळणीआधीच विचारा.

मग खताला कात्री लागते, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती हीच. मका गुडघ्याएवढा झाल्यावरचा युरियाचा हप्ता चुकवला की कणीस शेंड्याला भरत नाही, टोकाला बोटभर बोंडूक उघडंच राहतं. बचत करायचीच तर माती परीक्षण करून स्फुरद-पालाशात (फॉस्फरस-पोटॅशच्या खतांत) करा.

रान बदलतं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही तुकड्यानं. घरात जनावरं असतील तर रब्बी ज्वारी सुटत नाही, कारण कडबा विकत घेणं झेपत नाही. शिवाय पेरणी होते गेल्या वर्षीचा भाव बघून. सोयाबीनचा भाव पडला, मक्यापासून इथेनॉल करायला लागल्यामुळे मक्याला मागणी आली, म्हणून २०२५ च्या खरिपात पुष्कळांनी मका वाढवला. काढणीला हमीभाव २४०० रुपये होता, पण बाजारात भाव त्याच्या बराच खाली गेला. त्यात लष्करी अळीच्या फवारण्यांचा खर्च. म्हणून तीन एकर असतील तर नव्या पिकाला एकच एकर द्यावं.