माशांच्या टाकीवर छतातून दिवे: बोनस तिथे घालावा का?

प्रश्न: मी अंबड एमआयडीसीत सुपरवायझर आहे. पाथर्डी फाट्याजवळ तिसऱ्या मजल्यावर स्वतःचा टू बीएचके फ्लॅट आहे. हॉलमध्ये ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच अशी टाकी दोन वर्षांपासून आहे. त्यात एंजल, टेट्रा हे मासे आणि तळाशी अनुबियास, क्रिप्टो अशी झाडं. वरचं हूड, म्हणजे ट्यूब बसवलेलं झाकण, गंजलंय, ट्यूब काळवंडल्या आहेत. इंटिरियरवाला म्हणतो, हूड काढून टाका आणि छताला ट्रॅक लाइट लावा. कोटेशन १,४६,००० रुपयांचं: पीओपी नव्याने ५२,०००, ट्रॅक आणि ८ दिवे ४६,०००, वायरिंग व डिमर १८,०००, टाकीखालच्या कपाटाचं फिनिशिंग ३०,०००. पीओपी ९ फुटांवर आहे, पाण्याची पातळी जमिनीपासून साडेचार फुटांवर. दिवाळीचा बोनस १,१०,००० मिळालाय. उरलेले ३६,००० कार्डावर १६ टक्क्यांनी १२ हप्त्यांत घेऊ, की ३ लाखांची एफडी मोडू? हातात पगार ८४,००० येतो, घराचा हप्ता २४,५००, एकूण घरखर्च हप्त्यासकट ६०,०००. बचत खात्यात ९०,००० आहेत. मुलगी बारावीला आहे, एफडी तिच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी ठेवलेली. बायको म्हणते, एवढे पैसे माशांवर घालू नका.

उत्तर: आधी वहिनींच्या मुद्द्यावर बोलतो, कारण त्यांना कोटेशन नीट वाचून दाखवलेलं दिसत नाही. हे पैसे माशांवर जातच नाहीयेत. पीओपीचे ५२,००० आणि कपाटाचे ३०,००० मिळून ८२,००० झाले. म्हणजे निम्म्याहून जास्त रक्कम अशा कामावर जाते, ज्याने एकाही झाडाला एक किरण जास्त मिळत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तसं हे झालंय. फ्लॅट पुढे विकायला काढलात तरी पीओपीचे पैसे कोणी वेगळे मोजून देत नाही, आणि घेणारा माणूस बहुतेक ते तोडून आपल्या पसंतीचं करतो. ही दोन्ही कामं आज कोटेशनमधून काढा. उरले ६४,०००, त्यावर बोलू.

ट्रॅक लाइटची कल्पना मात्र चांगली आहे, आणि हे मी केवळ सल्लागार म्हणून सांगत नाही. माझ्या घरी ४ फुटी टाकी बरीच वर्षं आहे. एका बिंदूतून येणारा प्रकाश पाण्यावर पडला की लहरींची जाळी तळाच्या वाळूवर हलायला लागते, उथळ नदीपात्रात दुपारी दिसते तशी. ट्यूबखाली हे कधीच दिसत नाही. शिवाय हूड नसलं की हात घालायला, पानं छाटायला, मेलेला मासा काढायला जागा मोकळी राहते. पैशाच्या बाजूनेही एक गोष्ट याच्या पारड्यात जाते. टाकीच्या मापाचा खास अक्वेरियमचा दिवा टाकीबरोबरच निकामी होतो. ट्रॅक आणि त्याचे दिवे टाकी गेली तरी देवघरावर, पुस्तकांच्या कपाटावर किंवा भिंतीवरच्या फोटोंवर वापरता येतात.

आता ८ दिव्यांचं. तुमच्या कोटेशनमध्ये दिवा किती वॅटचा ते आहे, ३० वॅट, पण लेन्सचा कोन किती अंशांचा हे कुठेच लिहिलेलं नाही. सगळा हिशेब त्या एका आकड्यावर उभा आहे. छत आणि पाणी यांत साडेचार फुटांचं अंतर आहे. ६० अंशांची रुंद लेन्स असेल तर एका दिव्याचं वर्तुळ पाण्याच्या पातळीवर सव्वापाच फुटांचं होतं. टाकी २ फूट रुंद. म्हणजे निम्मा प्रकाश फरशीवर आणि सोफ्यावर. तो भरून काढायला म्हणून ८ दिवे. तोच दिवा २४ अंशांच्या लेन्सने घेतलात तर वर्तुळ १.९ फुटांचं होतं, अगदी टाकीच्या रुंदीएवढं. अशी ४ वर्तुळं शेजारी शेजारी ठेवली की ६ फूट भरून थोडी एकमेकांवर चढतातही. वर्तुळाच्या कडेला थोडा प्रकाश सांडतोच, तरी ४ पुरेत. अनुबियास आणि क्रिप्टो ही सावलीतली, सावकाश वाढणारी झाडं आहेत. त्यांच्यावर ८ दिव्यांचा मारा केलात तर झाडं वाढायची नाहीत, पानांवर शेवाळ चढेल. अनुबियासच्या जाड पानावर एकदा काळं, केसाळ शेवाळ बसलं की ते नखाने खरवडूनही निघत नाही, पानच कापावं लागतं.

पीओपी न तोडता हे जमतं. २ मीटरचा ट्रॅक घ्या, म्हणजे साडेसहा फूट. तो पीओपीला स्क्रूने ठोकू देऊ नका. वरच्या स्लॅबमध्ये फास्टनर मारून, पीओपीला फक्त भोक पाडून रॉडने खाली घ्या. माझ्या एका अशिलाकडे ट्रॅक नुसत्या जिप्समच्या पत्र्यात बसवला होता. सहा महिन्यांत एक टोक बोटभर खाली आलं आणि ते उघड्या पाण्याच्या बरोबर वर होतं. ते दृश्य मला अजून आठवतं. तुमच्या कोटेशनच्याच भावाने ४ दिव्यांचे २०,०००, ट्रॅकचे ३,०००, रॉड, वायर, टायमर आणि मजुरीचे ९,००० धरा. ३२,००० झाले. डिमर सध्या नको, टायमर पाहिजे. रोज ७-८ तासच प्रकाश द्यायचा आहे, आणि ते माणसाच्या आठवणीवर सोडू नये.

पण तुम्ही ज्या खर्चाचं विचारलंच नाही, तो मला या सगळ्यात मोठा वाटतो. दिवा छतावर गेला म्हणजे टाकी उघडी झाली. खरा खर्च त्या उघड्या पाण्याचा आहे.

आकडेच बघा. तुमच्या बिलातला वरच्या टप्प्याचा दर, सगळे आकार मिळून, मी हिशेबाला १२ रुपये युनिट धरतो. ३० वॅटचे ४ दिवे रोज ८ तास म्हणजे महिन्याला सुमारे २९ युनिट, साडेतीनशे रुपये. तुमचा ४० वॅटचा फिल्टर चोवीस तास चालतो, त्याचेही तेवढेच. हे दोन्ही पगारात जाणवणार नाहीत. आता पाणी. टाकीचा वरचा पृष्ठभाग १.१ चौरस मीटर आहे. उघड्या टाकीत पातळी दिवसाला अर्धा सेंटिमीटर उतरली तरी साडेपाच लिटर पाणी हवेत गेलं. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण ०.६८ युनिट विजेएवढी उष्णता निघून जाते. साडेपाच लिटरची पावणेचार युनिट, रोजची. आपल्या नाशिकच्या थंडीत, पारा १० अंशांच्या खाली जातो तेव्हा, एंजलसाठी पाणी २६ अंशांवर ठेवायचं तर यातली बरीचशी उष्णता तुमच्या हीटरला भरून द्यावी लागते. सगळीच द्यावी लागली तर महिन्याला ११२ युनिट, जवळजवळ साडेतेराशे रुपये. म्हणजे दिव्यांच्या चौपट, आणि हे कोटेशनमध्ये कुठेही नाही.

उन्हाळ्यात हेच उलटं होतं, तेही सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हीच वाफ टाकी गार ठेवते. पृष्ठभागावर एक छोटा पंखा सोडला तर पाणी दोन-तीन अंशांनी खाली येतं आणि चिलरचा, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राचा, मोठा खर्च टळतो. म्हणून माझं म्हणणं असं: टाकीच्या मापाची काच तीन तुकड्यांत कापून घ्या. दिवाळी ते होळी काच वर, होळीनंतर बाजूला. काचेतून प्रकाश जातो, पण खालून वाफ बसून पांढऱ्या क्षाराचा थर चढतो. महिनाभर पुसली नाही तर काच दुधाळ होते आणि तुम्ही २०,००० च्या दिव्यांपुढे पडदा लावल्यासारखं होतं. दर रविवारी पांढऱ्या व्हिनेगरच्या फडक्याने काच पुसून साध्या पाण्याने धुवायची. हे काम घरात कोण करणार, ते वहिनींसमोर आत्ताच ठरवा.

आणखी एक. वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार टाकीतच राहतात. उडालेलं पाणी रोज बोअरच्या जड पाण्याने भरत राहिलात तर पाणी महिन्यामहिन्याला जास्तच जड होत जातं. कमी झालेली पातळी आरओच्या पाण्याने भरा, आणि आठवड्याचं पाणी बदलणं नेहमीसारखं चालू ठेवा.

आता जोखीम. उघड्या पाण्यावर वीज म्हटल्यावर या सर्किटला ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लगेच बंद होणारा स्विच, हवाच, अर्थिंग तपासून घेतलेलं हवं. यात एक रुपयाही वाचवू नका. घरातले साधे ट्रॅक लाइट ओलाव्यासाठी बनवलेले नसतात, त्यामुळे दिवे पाण्यापासून किमान दोन फूट वर राहतील हे बघा. तुमच्याकडे साडेचार फूट आहेत, ठीक आहे. टाकीचंही बोलतो. ६८० लिटर पाणी, काच, वाळू, स्टँड मिळून जवळपास ९०० किलो वजन तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर आहे. टाकी बीमच्या जवळ, भिंतीला लागून आहे का, हे एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घ्या. दोन वर्षं काही झालं नाही, हे पुरेसं उत्तर नाही.

घराचा विमा तुमच्या पत्रात दिसला नाही. बँकेने कर्जाबरोबर दिलेला असेल तर तो काढून वाचा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक पॉलिसी मिळते. तिच्यात पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटून घराचं झालेलं नुकसान धरलेलं आहे. हॉलमधली काचेची टाकी त्यात बसते का, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. खालच्या फ्लॅटमध्ये पाणी उतरून त्यांचं छत, त्यांचा टीव्ही गेला तर ती तुमची जबाबदारी होते आणि ती मूळ पॉलिसीत येत नाही. त्यासाठी वेगळं संरक्षण विचारा. या टाकीबाबत मला खऱ्या अर्थाने काळजी वाटते ती याची.

हप्ता की एफडी, हा तुमचा मूळ प्रश्न. ३६,००० रुपये १६ टक्क्यांनी १२ महिन्यांत म्हणजे हप्ता ३,२६६ चा, व्याज सुमारे ३,२०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, साधारण ५७५ रुपये, वर प्रोसेसिंग फी. रक्कम फार मोठी नाही. पण ज्याच्याकडे घरखर्चाचे जेमतेम दीड महिन्याचे पैसे बाजूला आहेत, त्याने हौसेसाठी कर्ज काढू नये, मग ते कितीही छोटं असो. एफडीला तर हातच लावू नका. मुदतीआधी मोडली की बँक आधी कबूल केलेला दर देत नाही. जेवढे दिवस पैसे राहिले त्या काळाचा दर देते आणि त्यातूनही बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक टक्का कापते. आणि ते पैसे लेकीच्या फीचे आहेत. प्रवेशाच्या फेरीत नाव लागलं की फी दोन-तीन दिवसांत भरावी लागते, तेव्हा कुणाकडे मागायला जायची वेळ येऊ नये.

३२,००० चं काम केलंत तर हा प्रश्नच उरत नाही. बोनसमधले ७८,००० हातात राहतात. त्यातले ६०,००० बचत खात्यात न ठेवता वेगळ्या छोट्या एफडीत टाका, अडीअडचणीचे म्हणून. खात्यातले ९०,००० मिळून अडीच महिन्यांचा खर्च होतो. सहा महिन्यांचा व्हायला हवा, पण सुरुवात झाली. उरलेले १८,००० टाकीच्या नावाने ठेवा: आरसीसीबी, कापलेली काच, ३०० वॅटचा एक जादा हीटर, वीज गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप. कपाटाचं फिनिशिंग पुढच्या दिवाळीला बघू, तेव्हाही हवंसं वाटलं तर.

ट्रॅकची ऑर्डर देण्याआधी एक काम करा. गंजलेलं हूड आठवडाभर काढून ठेवा. काचेवर सकाळी मार्करने पातळीची रेघ मारा, २४ तासांनी दुसरी. सात दिवसांच्या रेघा आणि हीटर रोज किती तास चालू राहिला ते एका कागदावर लिहा. तो कागद आणि लेन्सचा कोन लिहिलेलं नवं कोटेशन मला पाठवा. तुमच्या हॉलचे खरे आकडे माझ्या अंदाजापेक्षा कमी निघाले तर काचेचं माप आणि हीटरची निवड दोन्ही बदलतील.