गळ, गरी आणि जिताडा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात खाडीतल्या जिताड्यावर मी चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते घेतोय.

प्रश्न: मी चिपळूणचा. दोन वर्षं मोबाइलवर अमेरिकेतले बास फिशिंगचे व्हिडिओ बघतोय, ते बघून दोरा गुंडाळायचं बेटकास्टर रीळ पण मागवलं. आपल्या वाशिष्ठीत बास मिळतो का, की माझे पैसे पाण्यात गेले?

त्या व्हिडिओतला लार्जमाउथ बास वाशिष्ठीत नाही. तो मूळचा उत्तर अमेरिकेतला, तिथल्या गोड्या पाण्यातला मासा. पण तुम्ही ज्या नदीच्या काठी राहता तिच्या खाडीत जिताडा आहे, ज्याला इंग्रजीत एशियन सीबास म्हणतात. रायगडात जिताडा, खाली कुठे खजुरा कुठे खजुरी, गोव्यात गेलात की चोणक आणि बंगाल्यांचा भेटकी, हे सगळे एकच. नावात बास असला तरी त्या अमेरिकन माशाचं आणि याचं जवळचं नातं नाही, मात्र शिकारीची पद्धत अगदी सारखी, दोघंही आडोसा धरून बसतात आणि तोंडासमोर आलेलं गिळतात, पाठलाग करत लांब जात नाहीत. तिकडे बुडालेलं झाड असतं, इकडे कांदळवनाची मुळं, पुलाचा खांब, जुन्या बंदराचे दगड. म्हणजे तुम्ही दोन वर्षं जे बघितलंत ते वाया गेलं नाही, आडोशाला चिकटून कास्ट टाकायची, म्हणजे दोरा फेकायचा, ल्युअर (नकली आमिष) हळू आणायचा, मध्ये थांबवायचा, हे सगळं इथे चालतं.

बेटकास्टरचं म्हणाल तर त्याची फिरकी अंगठ्याने आवरावी लागते, आणि खाडीवरच्या वाऱ्यात हलका ल्युअर टाकताना त्याच्यावर दोऱ्याचा गुंता होणारच. अंगणात नुसतं शिसं बांधून रोज पंधरा मिनिटं अंगठ्याचा सराव करा, गरी न लावता. महिनाभरात हात बसतो. तोपर्यंत खाडीवर साधं स्पिनिंग रीळ घेऊन जा.

प्रश्न: गुहागरला असतो, रविवारी वेळ मिळतो तेव्हा गरवायला जातो. सकाळी सहापासून दहापर्यंत उभा राहतो आणि बहुतेक वेळा रिकामा परत येतो. काय चुकतंय?

घड्याळ बघून जाताय, पाणी बघून जात नाही, एवढंच चुकतंय. जिताडा सकाळ-संध्याकाळपेक्षा पाण्याची ओढ जास्त मानतो. आपल्या जुन्या लोकांचा हिशेब लक्षात ठेवा, तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, शुक्ल असो की कृष्ण पक्ष. वीस मिनिटं, कधी अर्धा तास इकडे तिकडे होतं, खाडीत जेवढं आत जाल तेवढी भरती उशिरा पोचते, पण मोबाइलला रेंज नसलेल्या खाजणात हा हिशेब मला कायम उपयोगी पडलाय. आणि दर दिवशी वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून या रविवारी सकाळी सहाला जे पाणी होतं ते पुढच्या रविवारी सहाला नसतं.

आता सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, सांगतो, कारण माझे निम्म्याहून जास्त जिताडे सुकतीत लागलेत. भरतीला पाणी कांदळात घुसतं, बोय माशांची पिल्लं आणि कोलंबी त्याच्याबरोबर आत जातात, आणि पाणी फिरलं की त्या सगळ्यांना एकाच वाटेने, त्या छोट्या पऱ्ह्याच्या (ओहोळाच्या) तोंडातून, मोठ्या खाडीत परत यावं लागतं. जिताडा त्या तोंडाशी बसलेला असतो. पाणी उतरायला लागल्यावर पहिला तास जाऊ द्या, मग पुढचे दोन-अडीच तास जागा सोडू नका. पऱ्ह्यातलं गढूळ पाणी खाडीच्या निवळ पाण्याला जिथे मिळतं तिथे एक रेघ दिसते, साबणाच्या पाण्यासारखा फेस पण असतो त्या रेघेवर. ल्युअर रेघेच्या पलीकडे, वरच्या अंगाला टाका आणि पाण्यालाच त्याला खाली आणू द्या. तुम्ही फक्त ढील गोळा करायची, दोन गिरक्या, थांबा, परत दोन गिरक्या. जिताडा बहुतेक वेळा त्या थांबण्यातच घेतो. अंधारात तो दिसत नाही पण ऐकू येतो, पाण्यावरची बोय तोंडात ओढून घेताना ‘बूप’ असा पोकळ आवाज होतो, रिकामा डबा पाण्यात उलटा दाबल्यासारखा. तो आवाज एकदा कानात बसला की मग घरी पण आठवतो.

उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी फार जोरात धावतं आणि कचरा येतो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ओढच नसते, त्यामुळे मला मधले दिवस आवडतात. ऋतू म्हणाल तर पावसाळा संपल्यावर सप्टेंबरपासून नोव्हेंबर, आणि परत मार्च ते मे. जानेवारीच्या गार पाण्यात तो सुस्त असतो. रात्री पुलावर दिवे असतील तर खाली जी सावलीची कड पडते ना, तिच्या अंधाऱ्या बाजूला तो उभा असतो, ल्युअर उजेडातून अंधाराकडे आणा.

प्रश्न: कॉलेजला आहे, रत्नागिरीत. बजेट पाच-सहा हजार. रॉड, रीळ, दोरा, ल्युअर सगळं त्यात बसवायचंय. काय घेऊ?

बसेल. आठ फुटांचा मीडियम हेवी स्पिनिंग रॉड घे, ज्याच्यावर १५ ते ४० ग्रॅम लिहिलेलं असेल. रीळ ४००० साइझचं. पैसे वाचवायचे तर रॉडमध्ये वाचव, रिळात नको, कारण खाऱ्या पाण्यात आधी रीळ मरतं. ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरा सोडणारा रिळाचा ब्रेक, गुळगुळीत सुटतोय का ते दुकानातच दोरा हाताने ओढून बघ, झटके देत सुटत असेल तर ठेवून दे. दोरा २० ते ३० पौंडाचा ब्रेड (विणलेला दोरा), आणि त्याच्या पुढे दीड-दोन हात ४० पौंडाचा लीडर, म्हणजे टोकाचा जाड तुकडा. लीडर फ्लुरोकार्बन नसला तरी चालेल, जाड तंगूस (नायलॉनचा दोरा) लाव, पण लावच. जिताड्याचे दात बारीक असतात, खरखरीत कानशीसारखे, ते झुंजीभर दोऱ्यावर घासत राहतात आणि कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते. माझ्या उजव्या अंगठ्यावर अजून त्याची पांढरी रेघ आहे, पहिला जिताडा कल्ल्यात बोटं घालून उचलायला गेलो होतो तेव्हाची.

ल्युअर चारच घे. दोन सॉफ्ट प्लास्टिकचे शॅड, चार इंची, शेपटी हलणारे, १० ते १४ ग्रॅमच्या जिगहेडवर (शिसं जडवलेल्या गरीवर). एक मिनो, छोट्या माशाच्या आकाराचा कडक ल्युअर, दहा-बारा सेंटिमीटरचा. एक पॉपर, पाण्यावर आवाज करत येणारा, पहाटे पाणी शांत असतं तेव्हासाठी. रंगावर फार डोकं लावू नकोस, गढूळ पाण्यात गडद किंवा सोनेरी, निवळ पाण्यात बोयीसारखा चंदेरी, बस. मिनोवरच्या स्वस्तातल्या तीन तोंडी गऱ्या मात्र पहिल्याच दिवशी काढ आणि जाड तारेच्या लाव. माझ्या एका चांगल्या माशाने अशी गरी सरळ खिळ्यासारखी करून परत दिली होती. आणि दर वेळी घरी आलास की रॉड-रीळ गोड्या पाण्याने धू, नळाखाली जोरात नाही, ओल्या फडक्याने. रात्री कितीही उशीर झाला तरी.

जिवंत आमिषाने गरवायचं असेल तर हातभर बोय नको, बोटाएवढी पुरे, नाहीतर जिवंत कोलंबी, आणि सर्कल गरी, टोक आत वळलेली. सर्कल गरीला हिसका द्यायचा नसतो, मासा वळला की ती आपसूक ओठाच्या कोपऱ्यात बसते, त्यामुळे सोडायचा असेल तर मासा वाचतो.

प्रश्न: मासा लागतो, उडी मारतो आणि ल्युअर तोंडातून फेकून देतो. तिसऱ्यांदा झालं. (मालवण)

उडीच्या वेळी रॉड वर धरताय. दोरा पाण्यातून वर यायला लागला की मासा उडणार हे समजा आणि रॉडचं टोक खाली, आडवं पाण्याकडे न्या, दोरा ताठ ठेवून. ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा. आणि तुमच्याकडे मालवणला सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून, २९ चौरस किलोमीटरचं, त्याची हद्द कुठून सुरू होते ते गरी टाकायच्या आधी वनखात्याकडे विचारून घ्या.

प्रश्न: माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे, देवगडला. सारखा खाडीवर असतो आणि म्हणतो मला यात स्पर्धा खेळायच्यात. हे खरंच काही असतं का? मला त्याच्या जिवाची पण काळजी वाटते.

ताई, असतं. अमेरिकेत रे स्कॉट नावाच्या माणसाने १९६७ मध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर बासची मोठी स्पर्धा भरवली, पुढच्या वर्षी संघटना काढली, १९७१ मध्ये लेक मीडवर पहिली बासमास्टर क्लासिक झाली आणि आज तिथे शाळा-कॉलेजच्या पोरांच्या पण लीग चालतात. दिवसाचे सगळ्यात वजनदार पाच मासे मोजायचे असा तिथला साधारण नियम, आणि मासा जिवंत ठेवून आणायचा, मेला तर वजनातून दंड. ऑस्ट्रेलियात तर आपल्याच जिताड्याच्या स्पर्धा होतात, उत्तरेला डेली नदीवर, तिथे मासा पट्टीवर ठेवून लांबी मोजतात, फोटो काढतात आणि लगेच सोडतात. कोकणातही आता गावागावांत गरवण्याच्या स्पर्धा होतात, त्याने तिथून सुरुवात करावी. पहिल्या दोन-तीन स्पर्धांत बक्षिसाकडे बघूच नये, चाळीस माणसं ओळीने उभी असताना आपली कास्ट सरळ जाते का आणि हात थरथरत नाही ना, एवढं बघावं.

त्याला एक वही करायला सांगा. तारीख, तिथी, पाणी चढतं की उतरतं, कुठे उभा होता, काय लावलं होतं, माशाची लांबी. काही मिळालं नाही तो दिवस पण लिहायचा. या खेळात मापाला किती किंमत आहे ते सांगतो. बासचा जागतिक विक्रम १९३२ चा, जॉर्जियातला, २२ पौंड ४ औंस. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी त्याहून जवळजवळ एक औंसाने मोठा मासा धरला, तरी विक्रम मोडला असं धरलं नाही, बरोबरी झाली, कारण नियमाप्रमाणे निदान दोन औंस जास्त लागतात.

यावर पोट चालेल असं मी म्हणणार नाही, इथे तशी बक्षिसं नाहीत. पण मुलगा सायन्सला आहे, आणि रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ पासूनचं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं, बारावीनंतर चार वर्षांची पदवी मिळते. ज्याला खाडी एवढी आवडते त्याला ते एकदा नेऊन दाखवा ताई, मनापासून सांगतोय.

जिवाचं म्हणाल तर काही गोष्टींवर अडून बसा. एकट्याने जायचं नाही. कातळावर शेवाळ असेल तिथे उतरायचं नाही आणि समुद्राकडे पाठ करायची नाही. होडीत लाइफ जॅकेट. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चालायचं, म्हणजे वाळूत बसलेली पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकते. तिचा किंवा शेंगाळा माशाचा काटा लागला तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, ठणका कमी होतो, आणि मग सरळ डॉक्टरकडे. तो कधी मित्रांबरोबर वर चिपळूण, खेड किंवा महाडकडे गेला तर वाशिष्ठी, जगबुडी आणि सावित्रीत मगरी आहेत, तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहणं बंद.

प्रश्न: आजोबा म्हणतात, धरलेला मासा परत सोडायचा म्हणजे घरी आलेल्या लक्ष्मीला हाकलायचं. त्यांना काय सांगू? (दापोली)

आजोबांशी वाद घालू नकोस, त्यांना जिताड्याची गोष्ट सांग. जिताडा जन्माला येतो तो बहुतेक नर म्हणून. काही वर्षं नर राहतो आणि मोठा झाला, साधारण सहा-सात किलोच्या आसपास गेला, की मादी होतो. म्हणजे खाडीतला मोठा जिताडा ही जवळजवळ नक्की मादी असते, आणि पावसाळ्याच्या तोंडाला ती खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालायला उतरते. मोठ्या मादीच्या पोटात कोटीच्या घरात अंडी असतात.

मला हे माहीत नव्हतं तेव्हा जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर, मी एक नऊ किलोची धरली. अख्खी वाडी बघायला आली. आईने विळीवर पोट फाडलं तर आत दोन्ही बाजूंना पिवळी गाबोळी, माझ्या मनगटाएवढी जाड, परातीत मावेना. आई हात तसाच धरून गप्प बसली आणि मग एवढंच म्हणाली, ‘ही परत जात होती रे.’ आम्ही ती खाल्ली, टाकली नाही, पण त्या दिवसापासून सहा किलोच्या वरची मी घरी आणलेली नाही. ट्रॉलर-बिलर १ जून ते ३१ जुलै बंद असतात ते याच कारणाने, मग काठावरच्या माणसाने निदान त्या दोन महिन्यांत मोठी मादी सोडायला काय हरकत आहे.

सोडताना हात आधी ओले कर. खालचा ओठ पकडीने धर, पण पोटाखाली दुसरा हात हवाच, नुसत्या जबड्याला लटकवलीस तर वजनाने आतून दुखापत होते. फोटो एकच, तोही पाण्याच्या जवळ. मग तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरून ठेव, ढकलू नकोस, तिची शेपटी तुझ्या हाताला जोरात लागली की सोड.

एक किलोच्या आतला पण सोड, तो अजून पोर आहे. मधला, अडीच-तीन किलोचा मिळाला तर एक घरी ने, आणि डोकं आजोबांच्या ताटात जाऊ दे. जिताड्याच्या डोक्याचं कालवण समोर आलं की ते बाकीचं ऐकून घेतील.