घड्या वाकड्या पडतील, पडू देत

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. सात वर्षांची थोरली ‘करते’ म्हणते आणि जागची हलत नाही, चार वर्षांचा धाकटा आपणहून करायला जातो आणि सांडून ठेवतो, शेवटी तुझा आवाज चढतो आणि काम तूच उरकतोस. ‘धीर धर’ असं मी सांगणार नाही, कारण दात-ओठ खाऊन धरलेला धीर पाच मिनिटांत सुटतो. वेळ अपुरा असतो, काम मुलांच्या मापाचं नसतं किंवा नेमकं काय करायचं ते त्यांना कळलेलं नसतं, आणि चिडचिड बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. या तिन्ही गोष्टींची तजवीज आधीच करता येते.

वेळेचं आधी बघ. तुला पाच मिनिटं लागतात त्या कामाला मुलाबरोबर वीस धर. तेवढी हाताशी नसतील तर ते काम त्या दिवशी मुलाला देऊच नकोस, स्वतः कर आणि करताना सुनावू नकोस. शाळेच्या सकाळी तर काहीच नवं शिकवायला घेऊ नये. आणि एका वेळी एकच काम, निदान दोन-तीन आठवडे. रोज वेगळं काम दिलं की मूल रोज नवशिकंच राहतं.

‘खोली आवर’ हे मुलाच्या दृष्टीने काम नव्हेच, ती पाच-सहा कामांची मोट आहे. चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यात एका वेळी एखाद-दुसरी सूचना टिकते. म्हणून ‘ठोकळे डब्यात टाक, झाले की मला बोलव’ एवढंच सांग. दुसऱ्या खोलीतून हाक मारून सांगितलेलं हवेत जातं. जवळ जा, खाली बस, सांग, आणि त्याच्याकडून एकदा म्हणवून घे. मग मनात दहा आकडे मोज. खेळातून बाहेर यायला त्याला वेळ लागतो. त्या दहा आकड्यांत तू दुसऱ्यांदा सांगितलंस की तिसऱ्यांदाचा सूर आपोआप वर जातो. ‘पाच मिनिटांनी उठायचं’ हे या वयात कळत नाही. ‘हा मनोरा झाला की उठायचं’ हे कळतं.

शिकवायला सुरुवात रुमालांपासून कर. लहान हात हवेत घडी घालू शकत नाहीत. हात आखूड, कोपरे निसटतात, मूल रडकुंडीला येतं. रुमाल पलंगावर सपाट पसरायचा, कोपऱ्यावर कोपरा, तळहाताने मधून कडेकडे दाबत न्यायचं, मग पुन्हा दुमड. एका बैठकीला पाच-सहा रुमाल, ढीग समोर ठेवू नकोस. आणि शेवटाकडून शिकव: सगळ्या दुमडी तू घाल, शेवटची त्याची. ती जमली की शेवटच्या दोन त्याच्या. असं उलटं येत गेलं की काम पुरं केल्याचा आनंद दर वेळी मुलाच्याच वाट्याला येतो. रुमालांनंतर टॉवेल, मग पायजमे. सदरा सगळ्यात शेवटी.

धाकटा सांडतो कारण ओतताना तो हातातल्या तांब्याकडे बघतो, पेल्याकडे नाही, आणि भरलेला तांब्या त्याला पेलत नाही. छोटा तांब्या घे, एक तृतीयांशच भर, पेला ताटात ठेव, पेल्यावर रंगीत चिकटपट्टी लाव आणि ‘पट्टीपर्यंत’ म्हण. फडकं आधीच शेजारी असू दे. सांडलं तर ‘कसं सांडलं?’ हा प्रश्न विचारूच नये, त्याला उत्तर नसतं. फडकं हातात दे. फडकं आधी पाण्यावर नुसतं ठेवायचं, पाणी शोषू द्यायचं, मग कडेकडून मध्ये पुसत यायचं. मुलं एकदम घासतात, म्हणून पाणी पसरतं.

केर काढायला मोठ्यांचा झाडू देऊ नकोस. शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममध्ये ‘बालगृह’ नावाची लहान मुलांची शाळा सुरू केली. त्यांच्या पद्धतीत मुलांच्या मापाच्या झाडूला आणि भांड्यांना मोठं स्थान आहे, ते उगीच नाही. जमिनीवर खडूने एक वर्तुळ काढ आणि केर तिथे जमवायला सांग. ‘नीट झाड’ म्हणण्यापेक्षा ते वर्तुळ जास्त शिकवतं. भांडी घासायला देताना मात्र सुऱ्या आधी बाजूला काढ, फेसाखाली पातं दिसत नाही.

त्याने घातलेली घडी त्याच्यासमोर मोडून पुन्हा घालू नकोस. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपलं काम पुसलं जातंय हे मूल लगेच ओळखतं आणि पुढच्या वेळी हात मागे घेतं. रुमाल वाकडा असला तरी खणात मावतो. ताट तेलकट राहिलं असेल तर मात्र बोल, आणि तेवढंच बोल: ‘इथे बोट फिरवून बघ.’

कामाचे पैसे द्यायचे का, असं विचारलंयस. रोजच्या घरकामाचे देऊ नयेत. फेलिक्स वॉर्नेकन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात दीड वर्षाची मुलं अनोळखी माणसाची पडलेली वस्तू कोणी न सांगता उचलून देत होती. त्यांच्याच २००८ च्या प्रयोगात मदतीबद्दल ज्यांना वस्तू बक्षीस मिळाली, ती मुलं नंतर कमी मदत करू लागली. ज्यांचं नुसतं कौतुक झालं किंवा ज्यांना काहीच मिळालं नाही, त्यांची मदत तशी घटली नाही. कौतुकही नेमकं कर: ‘कोपरे जुळवलेस.’ आणि शिक्षा म्हणून काम कधीच लावू नकोस.

थोरलीच्या ‘करते’ला खुंटी दे. घड्याळाची वेळ तिला लक्षात राहणार नाही, रोजच्या एखाद्या गोष्टीला काम बांध: जेवण झालं की आपलं ताट धुवायच्या जागी. विसरली तर एकच शब्द, ‘ताट’. मग गप्प उभा राहा. ती मुलगी म्हणून तिच्यावर दुप्पट आणि धाकटा मुलगा म्हणून सुटला, असं होत नाही ना, तेही कागदावर कामं लिहून तपास.

तरी एखाद दिवस जबडा आवळेल, बोलण्याचा वेग वाढेल. तेव्हाच ‘पाणी पिऊन येतो’ म्हणून दोन मिनिटं बाहेर पड. ओरडलास तर ‘ओरडलो, ते चुकलं, काम बाकी आहे, चल’ एवढं पुरे. अपराधी वाटलं म्हणून मुलांचं काम तू करून टाकू नकोस.

येत्या सुट्टीच्या दिवशी थोरलीला सहा रुमाल दे, धाकट्याला मोज्यांच्या जोड्या लावायला बसव. तीन आठवड्यांनी कळव, कुठे अडलं ते.

तुझ्या घरी सगळ्यांना आशीर्वाद.