गर्भपिशवी काढायची आहे – कराड की पुणे?

ताई, तुम्ही लिहिलंत: वय 43, गर्भपिशवीत फायब्रॉईडची गाठ सहा सेंटिमीटरची, हिमोग्लोबिन 8. कराडचे डॉक्टर म्हणतात, "पिशवी काढून टाका, उगाच पुढे कॅन्सरची भीती नको." आणि नणंदेचा आग्रह पुण्याचा. माझं ऑपरेशन पाच वर्षांपूर्वी झालं, साताऱ्याहून पुण्याला जाऊन. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ती कॅन्सरची भीती बाजूला ठेवा. फायब्रॉईडचा, म्हणजे पिशवीतल्या अशा साध्या गाठीचा, कॅन्सर होणं फारच दुर्मीळ. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या अशीच भीती घालून काढल्या गेल्या, 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तुमच्या बाबतीत तसंच आहे असं नाही म्हणत, पण दुसऱ्या डॉक्टरांचं मत नक्की घ्या. गाठ भिंतीत आहे की आतल्या पोकळीत, आतल्या अस्तराची तपासणी झाली का, मिरेना (पिशवीत बसवायचं, रक्तस्राव कमी करणारं हार्मोनचं साधन) बसवून भागेल का, हे विचारा. पाळी गेली की गाठी बहुधा आक्रसतात. पण अंगावरून इतकं जात असेल की 8 च्या वर हिमोग्लोबिन टिकतच नाही, तर ऑपरेशनला घाबरू नका. मी तीन वर्षं गोळ्यांवर काढली आणि शेवटी जिना चढताना धापा टाकत होते. ऑपरेशनआधी शिरेतून आयर्न घेऊन रक्त वाढवा, घाई नको.

आता जागा. मी हॉस्पिटलची इमारत बघून ठरवलं होतं. दुर्बिणीतून झालं, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं, आणि परतताना खंबाटकी घाटात पोटावर उशी दाबून बसले होते. प्रत्येक खड्ड्याला नवरा "सॉरी" म्हणायचा. बाराव्या रात्री लाल जायला लागलं. गावातल्या दोन दवाखान्यांनी "जिथे केलंत तिथेच जा" म्हणून हात वर केले. पहाटे पुन्हा पुण्याचा रस्ता. निघालं किरकोळच, योनीमार्गाच्या वरच्या टोकाला घातलेल्या टाक्यातून येत होतं, पण ती रात्र विसरत नाही.

म्हणून कराडच्याच डॉक्टरांना सरळ विचारा: महिन्याला अशी किती ऑपरेशनं करता? खालून (योनीमार्गातून), दुर्बिणीतून की पोट उघडून, आणि माझ्यासाठी तेच का? भूलतज्ज्ञ कोण, रक्त कुठून येणार, आयसीयू आहे का? रात्री दोनला त्रास झाला तर फोन कोण उचलणार? नीट उत्तरं मिळाली तर कराडच. नाही मिळाली तर पुणे, पण मग नणंदेकडे किमान दोन आठवडे राहायच्या तयारीनं जा.

आणि सही करण्याआधी अंडाशयांचं विचारा. ते निरोगी असतील तर 43 व्या वर्षी काढू नयेत, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून रजोनिवृत्ती. हाडांना, हृदयाला त्रास. फॉर्मवर "अंडाशय ठेवणे" असं लिहून घ्या.

पैशांचं: मेडिक्लेम नवा असेल तर पॉलिसी वाचा, बहुतेकांत या ऑपरेशनला दोन वर्षांची वाट बघावी लागते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि काढलेल्या पिशवीचा बायॉप्सी रिपोर्ट पॅकेजमध्ये आहे का, तेही. माझ्याकडून तो वेगळा घेतला.

सोनोग्राफीचा रिपोर्ट नाव झाकून टाकलात तर बघते, गाठ कुठे आहे ते त्यात लिहिलेलं असतं.