डब्यावर ‘अन्न’, तोंडी ‘औषध’: भरपाई मागता येईल का?

प्रश्न : वडील (वय ६३) डॉक्टरांनी दिलेली ॲटोर्वास्टॅटिनची (कोलेस्टेरॉल कमी करणारी) गोळी घेतात. सोसायटीतल्या एका एजंटने त्यांना कोलेस्टेरॉलसाठी ‘रेड यीस्ट राइस’च्या (यीस्टने आंबवलेल्या लाल तांदळाच्या) कॅप्सूल दिल्या. महिन्याभरात मांड्या इतक्या दुखू लागल्या की जिना चढवेना. लघवी काळपट झाली. सीपीके (स्नायूंना इजा झाल्याचे दाखवणारी रक्ततपासणी) फार वाढल्याने ॲडमिट करावे लागले. कंपनी म्हणते, ‘हे औषध नाही, सप्लिमेंट आहे. डॉक्टरांना विचारा असे डब्यावर छापले आहे.’ भरपाई मिळेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दावा नक्की करता येईल. सप्लिमेंटच्या लेबलवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे बंधनकारकच आहे. तुम्ही पाठवलेल्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये मात्र एजंट लिहितो, ‘काका, दोन महिन्यांत गोळी सुटेल.’ हा विरोधाभास कंपनीला जड जाईल. एजंटने केलेल्या विक्रीच्या तक्रारी थेट विक्री नियम, २०२१ प्रमाणे कंपनीलाही झटकता येत नाहीत. मेसेज डिलीट करू नका, फोनही विकू नका.

या तांदळातले मोनॅकोलिन के हे द्रव्य म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोवास्टॅटिनच, म्हणजे ॲटोर्वास्टॅटिनसारखेच ‘स्टॅटिन’ गटातले कोलेस्टेरॉलचे औषध. वडिलांच्या पोटात दोन स्टॅटिन एकदम जात होती, आणि त्याने स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. अशा वेळी ‘डॉक्टरांना विचारा’ हे मोघम वाक्य पुरते का, हा खरा वाद. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार पुरेसा इशारा नसेल तर उत्पादक जबाबदार ठरतो. सर्वांना ठाऊक असलेल्या धोक्याचा इशारा लागत नाही, असा बचाव कलम ८७ मध्ये आहे खरा. पण तांदळाच्या कॅप्सूलमध्ये स्टॅटिन असते हे तुमच्या सोसायटीत कोणाला ठाऊक होते?

कच्चा दुवा वेगळाच आहे. नुसत्या ॲटोर्वास्टॅटिननेही क्वचित असा त्रास होतो, आणि कंपनीचा वकील तेच म्हणेल. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे लेखी मत हवेच. केस पेपरवर कॅप्सूलची नोंद आहे का, तेही आजच बघा.

‘डबा परत द्या, पैसे देतो’ असा फोन आला तर डबा देऊ नका. ग्राहक आयोग उरलेल्या कॅप्सूल सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. फी आधी तुम्हाला भरावी लागते.

तक्रार नाशिकच्याच जिल्हा आयोगात, दोन वर्षांच्या आत करा. अधिकारक्षेत्र आणि फी कॅप्सूलसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतात, मागितलेल्या भरपाईवर नाही. ती किंमत लहान असल्याने कोर्ट फी लागणार नाही. अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळा अर्ज द्या.

मूळ गोळी पुन्हा कधी सुरू करायची हे डॉक्टरांनाच विचारा. जाताना घरातल्या लसणाच्या, फिश ऑइलच्या कॅप्सूलही दाखवायला न्या.