३८३ स्मॉल-ब्लॉकला हाय-व्हॉल्यूम ऑईल पंप लावावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेवरोलेच्या ३५० घनइंची स्मॉल-ब्लॉक व्ही-८ च्या ब्लॉकवर ३८३ घनइंची इंजिन बांधताय, ६,५०० आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेऱ्या) फिरवायचंय, गाडी रस्त्यावरही चालणार आणि ट्रॅकवरही. आधीच्या ३५० चं रॉड बेअरिंग (क्रँक आणि कनेक्टिंग रॉड यांच्यामधलं) एका लांब वळणानंतर गेलं आणि त्याआधी ऑईल प्रेशरचा काटा झटकन खाली येताना तुम्ही पाहिला होता. म्हणून या वेळी हाय-व्हॉल्यूम पंप लावावा का?

पंपाचा विचार सगळ्यात शेवटी करा. तुम्ही सांगताय त्यावरून पंप कमी पडलेला दिसत नाही, पंपाच्या तोंडाशी ऑईल नव्हतं. मी ही इंजिनं बांधतो आणि उघडतोही, आणि भाजलेली रॉड बेअरिंगं समोर आली की बहुतेक वेळा दोष पंपाच्या खालीच सापडतो.

काटा कसा पडला हे महत्त्वाचं. झटक्यात, थरथरत पडला आणि वळण संपताच पुन्हा वर आला, तर पिकअपने, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पॅनमधून पंपाला ऑईल देणाऱ्या जाळीच्या नळीने, हवा ओढली. इंजिन तापत गेलं तसा हळूहळू खाली सरकला, तर ऑईल पातळ झालंय किंवा बेअरिंगांच्या फटी सैल आहेत. मोठ्या पंपाचा उपयोग झालाच तर दुसऱ्या प्रकारात होतो. पहिल्या प्रकारात मोठा पंपही तीच हवा ओढणार.

हाय-व्हॉल्यूम पंपात गिअर लांब असतात, त्यामुळे प्रत्येक फेरीला सुमारे २५ टक्के जास्त ऑईल ढकललं जातं. पण एकदा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारी झडप) उघडला की इंजिनात जाणारं ऑईल ठरतं ते प्रेशर, ऑईलचा दाटपणा आणि बेअरिंगांच्या फटी यांवर. उरलेलं ऑईल पंपाच्या आतल्या आत फिरत राहतं आणि तापतं. त्यामुळे ‘मोठा पंप पॅन कोरडा करतो’ हे लोक सरसकट म्हणतात ते अतिशयोक्त आहे. पण विनाकारण मोठा पंप लावल्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. या इंजिनात पंप डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवर चालतो आणि डिस्ट्रिब्युटर कॅमवरच्या तिरक्या गिअरवर. पंपाचा सगळा भार त्या एका लहान गिअरवर येतो, आणि थंड, दाट ऑईलमध्ये तो भार फार वाढतो. मेन बेअरिंगला (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यावर फिरतो ते) तीन थाऊ, म्हणजे इंचाचे तीन हजारांश, किंवा जास्त क्लिअरन्स (फट) ठेवलाय, लांब पाइपांचा ऑईल कूलर लावलाय, तर मी मोठा पंप बसवतो. तुमच्या इंजिनाला नेहमीच्या आकाराचा चांगला पंप आणि थोडी कडक रिलीफ स्प्रिंग पुरेल. हजार आरपीएमला १० पीएसआय (प्रेशरचं एकक) हा जुना हिशोब अजूनही चालतो, म्हणजे तुम्हाला वरच्या टोकाला ६५ च्या आसपास प्रेशर हवं. ८० दिसलं म्हणून इंजिन जास्त सुरक्षित होत नाही. पंपाकडे जाणारा इंटरमीडिएट शाफ्ट मात्र बदला. मूळ शाफ्टची जोड प्लास्टिकच्या कॉलरची असते, स्टीलच्या कॉलरचा शाफ्ट घ्या.

आता खरं काम, पॅन. मूळ पॅनमध्ये चार क्वार्ट ऑईल, फिल्टरमध्ये एक (क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर). ६,५०० आरपीएमला क्रँक सेकंदाला १०८ फेऱ्या मारतो. तेव्हा या पाच क्वार्टांपैकी बरंच ऑईल पॅनमध्ये नसतंच. काही गॅलऱ्यांत (ब्लॉकमधल्या ऑईलच्या वाटा), काही रॉकर कव्हरखाली, काही टॅपेटांवरच्या (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे पोचवणारे भाग) व्हॅलीत, आणि बाकीचं क्रँकभोवती दोरखंडासारखं गुंडाळून फिरत असतं. हे फिरणारं ऑईल दुहेरी नुकसान करतं: क्रँकला ओढून ताकद खातं, आणि हवेत घुसळून फेसाळतं. फेस पिकअपमध्ये गेला की गेजवर प्रेशर दिसेल, पण बेअरिंगमध्ये ऑईलचा थर टिकणार नाही. त्यात लांब वळण आलं की खाली उरलेलं ऑईल एका बाजूला सरकतं आणि पिकअप उघडा पडतो.

म्हणून पैसे आधी पॅनवर खर्च करा. सात-आठ क्वार्टचा, आत झडपांचे कप्पे असलेला पॅन घ्या. या झडपा ऑईलला पिकअपकडे येऊ देतात, परत जाऊ देत नाहीत. ट्रॅकसाठी पॅनच्या खोलीइतकेच हे कप्पे महत्त्वाचे. पॅनला उजव्या बाजूला (चालकाच्या सीटवरून पाहता) फुगवटा असेल तर उत्तम, कारण समोरून पाहिलं तर क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि ऑईल त्याच बाजूला फेकलं जातं. तिथे जागा असली की ते भिंतीवर आपटून पुन्हा क्रँकवर येत नाही. वर विंडेज ट्रे (क्रँक आणि पॅनमधलं ऑईल यांच्यामधला पत्रा) आणि शक्य असेल तर स्क्रेपर (क्रँकवरचं ऑईल खरवडणारी पट्टी) लावा. ३८३ मध्ये स्ट्रोक (पिस्टनची चाल) ३.४८ वरून ३.७५ इंचांवर गेलेला असतो, त्यामुळे ३५० चा ट्रे कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांना लागू शकतो. ट्रे बसवून क्रँक हाताने पूर्ण फेरी फिरवा आणि प्रत्येक रॉडपाशी किमान एक सूत (इंचाचा आठवा भाग) मोकळी जागा आहे याची खात्री करा. ब्लॉकच्या पॅन रेललाही काही ठिकाणी घासावं लागतं, तेही याच वेळी दिसेल.

पॅन मागवण्याआधी ब्लॉकचं साल पाहा. १९७९ पर्यंत डिपस्टिक डाव्या बाजूला, १९८० पासून उजव्या. १९८६ पासून रिअर मेन सील (क्रँकच्या मागच्या टोकाचं ऑईल सील) एकसंध झालं, त्याआधी दोन तुकड्यांचं होतं. या दोन्ही गोष्टींप्रमाणे पॅन बदलतो.

पिकअपची जाळी आणि पॅनचा तळ यांत दोन ते तीन सूत अंतर ठेवा. कमी ठेवलं तर पंपाचा गळा आवळतो, जास्त ठेवलं तर हवा लवकर येते. मोजायला जाळीवर मॉडेलिंगच्या मऊ मातीचा गोळा ठेवा, गॅस्केटसकट पॅन बसवा, काढा आणि दबलेल्या मातीची जाडी पाहा. पिकअपची नळी पंपात नुसती ठोकून बसवलेली असते आणि कंपनाने ती सुटते. तिला वेल्डचे दोन टाके मारा, पण आधी पंपातली रिलीफ स्प्रिंग आणि गिअर काढून ठेवा. उष्णतेने स्प्रिंग मऊ पडली तर नवा पंप पहिल्या दिवसापासून कमी प्रेशर देईल.

ब्लॉकमध्ये एक जागा अशी आहे की ती पाहिल्याशिवाय मी इंजिन जोडून पूर्ण करत नाही. मागची मेन कॅप काढा. पंपाकडून वर येणाऱ्या छिद्राच्या आत एक छोटा बुच असतो. तो ऑईलला फिल्टरकडे वळवतो. ब्लॉक धुताना सगळे बुच काढले जातात आणि हा परत बसवायचा राहून जातो. मग इंजिन चालतं, प्रेशरही ठीक दिसतं, आणि ऑईल न गाळताच बेअरिंगांत जात राहतं. जाड तार छिद्रात घालून बुच आहे का आणि बरोबर खोलीवर आहे का ते तपासा. त्याच कॅपमध्ये पंपाकडून येणारी वाट काटकोनात वळते. तिथल्या धारदार कडा हलक्या हाताने गोल करा. मेन बेअरिंगचं छिद्र ब्लॉकच्या छिद्रावर नीट बसतंय का पाहा. अर्धं छिद्र झाकलेलं मी बरेचदा पाहतो. पुढचे, टायमिंग चेनमागचे गॅलरीचे बुच आट्यांचे करून घ्या.

क्रँक घेताना ‘क्रॉस-ड्रिल्ड’ अशी जाहिरात पाहून भुलू नका. त्यात मेन जर्नलला (क्रँकचा मेन बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) आरपार छिद्र असतं, म्हणजे ऑईलला आधी पृष्ठभागापासून केंद्राकडे जावं लागतं, फिरणाऱ्या क्रँकच्या केंद्रोत्सारी बलाच्या विरुद्ध. तुमच्या २.४५ इंची मेन जर्नलसाठी ६,५०० आरपीएमला मी हिशोब केला तर नुसतं केंद्रापर्यंत पोचायला सुमारे २८ पीएसआय लागतात, आणि हा आकडा वेगाच्या वर्गाने वाढतो. मेनपासून रॉडकडे थेट जाणारी वाट असलेला क्रँक घ्या. बेअरिंगचा वरचा अर्धा भाग खाचेचा आणि खालचा सपाट ठेवा. स्फोटाचा भार खालच्या अर्ध्यावर येतो, तिथे खाच पाडली की भार पेलणारी जागा कमी होते.

क्लिअरन्ससाठी जर्नलच्या दर इंचाला एक थाऊ हा पाया. मेनला अडीच थाऊ, २.१० इंची रॉडला सव्वादोन ते अडीच. बोल्ट पूर्ण टॉर्कवर आवळूनच बोअर गेजने मोजा. मेन कॅपचे बोल्ट काढून स्टड लावणार असाल तर लाइन होनिंगशिवाय (मेनची सगळी छिद्रं एका रेषेत घासून गोल करणं) पुढे जाऊ नका, कारण स्टडने कॅप वेगळ्या तऱ्हेने आवळली जाते आणि छिद्राचा गोलपणा बदलतो. एवढ्या क्लिअरन्सला १०डब्ल्यू-३० छान चालतं. घट्ट बेअरिंगांत २०डब्ल्यू-५० ओतणं हा प्रेशर दिसण्यापुरता उपाय आहे; बेअरिंगमधून वाहणारं ऑईलच ते थंड ठेवतं, आणि दाट ऑईल कमी वाहतं.

वरच्या भागाचं ऑईल कमी करायला टॅपेटच्या गॅलऱ्यांत रिस्ट्रिक्टर (वाट अरुंद करणारे बुच) घाला, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर अजिबात नको. सॉलिड रोलर असतील तरी रस्त्यावरच्या गाडीत मी घालत नाही. रोलरच्या सुई-बेअरिंगला आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगांना तेच ऑईल थंड ठेवतं. त्यापेक्षा हेडमधल्या आणि व्हॅलीतल्या परतीच्या वाटा मोकळ्या करा, ओतीव कामाचे खडबडीत टोक घासून काढा.

सुरू करण्याआधी प्राइमिंग, म्हणजे पंप फिरवून इंजिनात आधीच ऑईल भरणं. इथे एक बारकावा सुटतो. डिस्ट्रिब्युटरची बॉडी उजव्या टॅपेट गॅलरीच्या मागच्या टोकातून जाते आणि तिच्यावरचे दोन पट्टे ती गॅलरी बंद करतात. नुसता सळईसारखा शाफ्ट ड्रिलला लावून पंप फिरवला तर ऑईल तिथूनच खाली गळतं आणि रॉकरपर्यंत नीट पोचत नाही. पट्टे असलेलं प्राइमिंग टूल वापरा, नाहीतर जुन्या डिस्ट्रिब्युटरचा गिअर काढून त्याचंच बनवा. ड्रिल घड्याळाच्या दिशेने फिरवा आणि अधूनमधून क्रँक पाव फेरी पुढे करत राहा, सोळाही रॉकरमधून ऑईल येईपर्यंत. फ्लॅट टॅपेटचा कॅम असेल तर जास्त झिंक असलेलं ब्रेक-इन ऑईल हवंच, आणि सुरू झाल्यावर इंजिन आयडलवर न सोडता २,००० ते २,५०० वर वीस-तीस मिनिटं चालवा.

पॅनमधल्या कप्प्यांनंतरही चिकट टायरांवर काटा थरथरला, तर अ‍ॅक्युम्युलेटर लावा. ती दाबाखाली ऑईल साठवणारी टाकी असते, प्रेशर पडलं की काही सेकंद गॅलरीत ऑईल सोडते. त्यापुढची पायरी ड्राय संप, म्हणजे ऑईल पॅनऐवजी वेगळ्या टाकीत ठेवणं. २००६ च्या कॉर्व्हेट झेड०६ मध्ये शेवरोलेने ती कारखान्यातूनच दिली, पण तुमच्या वापराला इतक्यात तिची गरज दिसत नाही.

ब्रेक-इननंतर पहिला फिल्टर फेकू नका. कटरने कापा, कागद उलगडा, उन्हात धरा. थोडी राखाडी पूड चालते. तांब्याचे चमकते कण दिसले तर पॅन उतरवा आणि आधी रॉड बेअरिंगं पाहा.